पाईप निर्मळ होतो, धूर नाही!

गेल्या महिन्यात तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. तिखट खाल्लं की टाळूची आग व्हायची. तोंड उघडायला लावलं, तर टाळू पांढुरकी आणि तिच्यावर लाल ठिपके.

“सिगारेट ओढता?”

“छे, डॉक्टर! फक्त आजोबांचा पाईप. दोन वर्षांपूर्वी माळ्यावर सापडला. मीठ आणि स्पिरिट घालून अगदी निर्जंतुक केलाय.”

या ‘निर्जंतुक’ शब्दावरच माझा आक्षेप आहे. स्पिरिटने जंतू मरतील, नळीतलं जुनं कीटही निघेल. पण रोग देतो तो जळणारा तंबाखू. निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड प्रत्येक वेळी नव्याने धुरात येतात. घासलेल्या ताटात वाढलं म्हणून विषाचं जेवण होत नाही. चिलमीचंही तेच, नवा फडका गुंडाळला म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

“मी धूर आत घेत नाही,” हा दुसरा बचाव. पाईपचा धूर बराचसा अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं. पाईप ओढणाऱ्यांमध्ये ओठाचा कर्करोग जास्त दिसतो, हे झ्योमरिंग या जर्मन डॉक्टरांनी १७९५ सालीच नोंदवलं होतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांनाही हा धोका आहे.

साफसफाईतही धोके आहेतच. रंगाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं आणि लाकूड ते शोषून घेतं. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आलं, तर विषारी क्लोरीन वायू निघतो. नळीतल्या तपकिरी पाण्यात निकोटीन असतं; लहान मुलांच्या हाती ते लागता कामा नये.

मग आजोबांची आठवण फेकून द्यायची? मुळीच नाही. हातमोजे घालून, ओटीवर मोकळ्या हवेत पाईप एकदा पुसा आणि काचेच्या कपाटात ठेवा. तिथे तो शोभतो.

सवय सुटत नसेल, तर १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत मदत मिळते. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर लगेच तपासून घ्या. आमच्या गावाचं नाव निर्मळ आहे. तुमचं तोंडही तसंच राहो!