आज्जाची ट्रंक आणि कोर्टाचा टेबल

आज थोडं कडू बोलतो. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या शेताचा दावा बेळगावच्या दिवाणी कोर्टात गेला तेव्हा घरात सगळे निर्धास्त होते. आमच्याकडं कागद होता की! आज्जाच्या ट्रंकेतलं मोडीतलं वाटणीपत्र. जपून राहावं म्हणून मीच ते लॅमिनेट करून आणलेलं. वकिलांनी हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. उष्णतेनं शाई फाकलेली, कोर्टानं शेरा मारायचा तर प्लॅस्टिकवर मारणार कसा? भाषांतर नाही. स्टँपही कमी. आणि मी मात्र 'मराठी कागदाला इथं किंमत नाही' असं स्टेटस टाकून मोकळा झालेलो.

अन्याय नाही असं मी म्हणत नाही. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. आपली जुनी खरेदीपत्रं, वाटण्या मराठीत, मोडीत. आज त्यांच्या भाषांतराचा खर्च आपल्याच खिशातून जातो. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण आपल्या आळसाचं खापर भाषेवर फोडायचं बंद करा.

ज्या कागदावर दावा उभा आहे तो वादपत्रासोबतच द्यायचा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय. उशिरा आणला तर कोर्टाची परवानगी मागत फिरा. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे. सरकारी दप्तरातल्या नोंदीची नक्कल त्याच कार्यालयातून काढावी लागते. कागदावर 'पी-१' असा नंबर पडला म्हणजे तो सिद्ध झाला असंही नाही. तीस वर्षांहून जुन्या कागदाची सही, अक्षर खरं धरायची मुभा कोर्टाला आहे, पण तो योग्य ताब्यातून यायला हवा. म्हणजे ट्रंक कुणाच्या घरी होती, हेही सांगता आलं पाहिजे.

आणि 'व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की' म्हणणाऱ्यांनो, जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२० सालीच सांगितलंय: मूळ मोबाइल किंवा कॉम्प्युटर हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ मध्ये तेच आहे. नुसता स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर समोरचा वकील हसेल.

चौकातल्या घोषणेला आवाज लागतो, कोर्टात यादी लागते. या रविवारी ट्रंक उघडा. लॅमिनेट करू नका, टाचण्या मारू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तारखेनुसार यादी करा. मोडी वाचणारं म्हातारं माणूस गावात असेल तर आजच जाऊन बसा त्याच्यापाशी; उद्या कुणाला विचारणार?

आमचं वाटणीपत्र दंड भरून, भाषांतर जोडून एकदाचं दाखल झालं. सिद्ध व्हायचं अजून बाकी आहे. पुढच्या तारखेला साक्षीला मीच उभा राहणार आहे, आणि लॅमिनेट कुणी केलं, हा प्रश्न मलाच येणार आहे.