चौथे वर्ष आणि शेवटची बस

2023च्या जूनमध्ये गोव्यातील महाविद्यालयांत दाखल झालेली मुले यंदा पदवीचे तिसरे वर्ष संपवत आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेतलेली गोवा विद्यापीठाची ही पहिली तुकडी. निरोप समारंभ, मार्कशीट आणि मग नोकरीचे अर्ज हा ठरलेला क्रम हिच्यापुढे प्रथमच बंधनकारक नाही. 120 क्रेडिटांवर पदवी घेऊन बाहेर पडा, किंवा आणखी एक वर्ष थांबून 160 पूर्ण करा आणि ऑनर्स घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील तर 12 क्रेडिटांचा प्रबंध लिहून संशोधनासह ऑनर्स मिळते आणि पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात आटोपते. कागदावर हिशेब चोख आहे.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या मुलांना मात्र या हिशेबात एक रकाना कमी दिसेल. संध्याकाळचा.

ऑनर्सचे वर्ष तासांना बसून होत नाही. एकाच विषयाने झपाटलेली पाच-सहा मुले तास संपल्यावर कॅन्टीनमध्ये, ग्रंथालयात, पायऱ्यांवर एकमेकांना खोडून काढत बसतात, कोणाच्या तरी हातातले पुस्तक दुसरा ओढून घेतो, आणि एखादा शिक्षक घरी जायला निघालेला असताना ‘एक मिनिट सर’ म्हणून पाऊण तास अडवला जातो. तेव्हा कुठे प्रबंधाला विषय सुचतो. दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांची पदवी 2013 मध्ये आणली, 2014 मध्ये गुंडाळली आणि धोरण बदलल्यावर पुन्हा सुरू केली. तिथल्या वादात बरेच काही बोलले गेले, पण त्या मुलांपाशी मेट्रो आणि वसतिगृहे होती. पेडणे तालुक्यातील विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ अंबिये सरकारी महाविद्यालयातली केरीची किंवा हरमलची मुलगी शेवटचा तास संपायच्या आधीच वही दप्तरात सरकवते. सोयीची बस चुकली तर पुढची कधी आणि कोणती, याची खात्री नसते. प्रवासी कमी झाले की खासगी बसवाले फेरी मारतीलच असे नाही. घरी उशिरा पोचणाऱ्या मुलीला काय काय ऐकावे लागते, ते वेगळेच. मुलगे थांबू शकतात, पण त्यातले कित्येक किनाऱ्यावरच्या हॉटेलांत किंवा मोपा विमानतळाच्या आसपास संध्याकाळची ड्युटी धरून असतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे म्हटले तर पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून ताळगावचे पठार. तीन बस. जाऊन-येऊन दिवस तिथेच संपतो. गंमत म्हणजे अनुदानित शाळांच्या मुलांसाठी सरकारने बालरथ नावाच्या बस दिल्या. तीच मुले कॉलेजात गेली की रस्त्यावर हात दाखवत उभी.

यावर ‘या मुलांना गोडीच नाही’ असे म्हणणारे प्राध्यापकही भेटतात. त्यांनी जत्रेच्या आधी एखाद्या गावात रात्री जाऊन यावे. दिवसभर कामावर असलेली पोरे देवळाच्या मंडपात नाटकाच्या तालमीला जमतात, बारा-बारा वाजेपर्यंत एकाच प्रवेशावर वाद घालतात, पाठांतर चुकले म्हणून एकमेकांची सालटी काढतात. जमण्याची सवय या दोन तालुक्यांना शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की मंडप चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

मग ऑनर्सचे टोळकेही अशा अंतरावर आणता येईल का? डिचोली तालुक्यात सांखळीचे सरकारी महाविद्यालय 1988 पासून आहे, डिचोलीत नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आहे. दोन्हीकडे वाणिज्य शिकवतात आणि मधले अंतर एका बसचे आहे. चौथ्या वर्षाला एकेका ठिकाणी चार-चारच मुले उरली तर आठवड्यातून एक दुपार ती एकत्र बसवायला कोणाची हरकत असावी? नियमात बसत नाही असे उत्तर येईल. नियम नवे आहेत, अजून वळतील. त्याहून अवघड अडचण शिक्षकांची आहे. प्रबंधाला मार्गदर्शक म्हणजे वर्षभर त्याच खुर्चीत सापडणारा माणूस; लेक्चर बेसिसवर नेमलेल्या, पुढच्या जूनमध्ये असेन की नाही हे ठाऊक नसलेल्या तरुण शिक्षकावर ते ओझे टाकणे अन्यायाचे आहे.

विषयांची मात्र इथे ददात नाही. शिरगावात खाणींनी विहिरींचे पाणी कसे पळवले, 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रकमालकांच्या घरांत कोणते हप्ते थकले, मोप्यात विमानतळासाठी कुळागरे आणि काजूच्या बागा गेलेल्यांचे आज काय चालले आहे, सीमेपलीकडून येणारे दशावतार पेडण्यात कोण बोलावतो आणि बिदागी कशी ठरते. बाहेरच्या संशोधकाला यासाठी ओळखी काढाव्या लागतील. इथल्या मुलीला आजीच्या शेजारणीच्या पडवीत जाऊन बसले की पुरे. शेजारीण आधी जेवलीस का विचारेल, मग विहिरीला कोणत्या साली किती हात पाणी होते ते सांगेल. ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही. अडते ते पुढे: पहिल्या चार इयत्ता मराठीत, पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली ही मुलगी पडवीतले बोलणे इंग्रजी प्रबंधात उतरवताना निम्मे गाळते. जिथे विषय परवानगी देईल तिथे मराठी-कोकणीत प्रबंध घ्यावा, निदान मुलाखती मूळ बोलीत परिशिष्टाला जोडू द्याव्यात.

विर्नोड्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते सोहिरोबानाथ सीमेपलीकडच्या बांद्याचे. सावंतवाडीच्या वाटेवर रानात फणस खायला बसले असताना एक नाथयोगी समोर आला, त्याला गरे दिले आणि तिथेच उपदेश मिळाला, अशी आख्यायिका आहे. त्यांनी मग वतनाचे कुळकर्णीपण सोडले. आमच्या मुलांना काही सोडायला सांगण्याची गरज नाही; सोय त्यांच्यापर्यंत यायला हवी. पेडण्याचेच सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर यांनी 1963 नंतर गावोगाव प्राथमिक शाळा नेली तेव्हा मुलांनी शाळेकडे यावे, अशी वाट पाहिली नव्हती. चौथ्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी सरकारने कदंब वाहतूक महामंडळाला दोनच मार्ग सांगावेत, विर्नोड्याहून आणि सांखळीहून, आणि ग्रंथालय बंद झाल्यानंतर अर्ध्या तासाने सुटणारी एकेक बस. ग्रंथालय किती वाजता बंद करायचे, ते त्यानंतर ठरवता येईल.

पहिले प्रबंध 2027च्या उन्हाळ्यात बांधून तयार होतील. प्रत्येकाची एक प्रत ज्या गावावर लिहिले त्या गावच्या पंचायतीत ठेवावी. परीक्षकांच्या नजरेतून सुटलेल्या चुका गावकरी काढतील.