कासवाच्या पाठीवर सोलापूरचं पाणी

गीझरची कॉइल कधी बाहेर काढून बघितलीय? सोलापुरात बोअरच्या पाण्यावर दिवस काढत असाल तर नक्कीच बघितली असणार. नुसता दगड चढलेला असतो! नळाच्या तोंडावर, बादलीच्या काठावर, शॉवरच्या भोकांत, जिकडेतिकडे तोच पांढरा थर. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि केसांचं तर विचारूच नका. हे सगळं आपण अंगवळणी पाडून घेतलंय. पण घरात कासव असेल तर हाच थर त्याच्या पाठीवरही चढतो, आणि मग मालकाची पार तंतरते.

ऑफिसातल्या एका मित्राचा असाच घाबराघुबरा फोन. ‘अरे, बिस्कीटला फंगस झालंय. व्हिनेगरने घासू का?’ बिस्कीट म्हणजे त्याचं कासव. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं ते, रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतलं.

‘थांब बाबा,’ म्हटलं. ‘आधी पाठीवर पाणी टाक आणि बघ.’ ओलं झाल्यावर पांढरेपणा जवळजवळ नाहीसा झाला आणि वाळल्यावर खडूसारखा परत आला. म्हणजे ते फंगस नव्हतं, बोअरचं पाणी होतं. आपल्या बेसॉल्टच्या खडकातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. कासव दगडावर चढून ऊन खातं, पाठ वाळते, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. दिसायला वाईट, पण सहसा निरुपद्रवी. फंगस असेल तर पाण्याखाली कापसासारखे पुंजके दिसतात. कातडीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटत असेल तर ती नुसती कात आहे, ओढून काढायची नाही. आणि खड्डे पडलेत, वास येतोय, दाबल्यावर मऊ लागतंय? मग घरगुती उपाय बंद, सरळ जनावरांचे डॉक्टर.

व्हिनेगर, लिंबू, तारेची घासणी हे गीझरसाठी ठीक. कासवाची पाठ म्हणजे काही त्याने पाठीवर घेतलेलं हेल्मेट नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचातच जोडलेल्या असतात, वर नखासारखा थर असतो, आणि त्याला स्पर्श चक्क कळतो. मऊ टूथब्रश, साधं पाणी, हलका हात. बास. चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोपडणारेही भेटतात. कृपा करा, तो चंपीचा विषय नाही.

पण टाकीतल्या पाण्याचं काय? इथे एक गंमत आहे. सोलापूरकरांच्या कित्येक पिढ्या काही दिवसांआड येणाऱ्या नळावर वाढल्या, त्यामुळे पाणी ओतून द्यायचं आपल्या जिवावर येतं. टाकीतलं पाणी आटलं की आपण वरून बोअरची कळशी ओततो. आटतं ते फक्त पाणी, क्षार आत तसेच राहतात. एप्रिल-मेमध्ये तर टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड होऊन बसतं. म्हणून आटलेलं भरून काढायला आरओचं पाणी वापरा, आणि आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून नवं घाला. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या, झाडं खूश! नळाचं पाणी असेल तर दिवसभर उघडं ठेवा, क्लोरीन बरंचसं उडून जातं. आणि हे सगळं करून झालं की हात साबणाने धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेने १९७५ सालीच ४ इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणासाठी.

किती पाणी लागतं? ढोबळ हिशेब असा की पाठीच्या दर इंचाला ४० लिटर. म्हणजे ५ इंची कासवाला २०० लिटर. स्लायडरची मादी १० इंचांपर्यंत जाते आणि २०-३० वर्षं जगते. तुमची पुण्याला बदली झाली, हिंजवडीत वन बीएचके मिळाला, तरी ती आहेच! सिद्धेश्वर तळं किंवा संभाजी तलाव हा त्यावरचा उपाय नव्हे. बाहेरचं कासव तिथल्या मूळच्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. आणि तळ्यातलं देशी कासव किंवा स्टार कासव घरी आणणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. एवढं पाणी आणि एवढी वर्षं देता येणार नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे, घेऊच नका.

बिस्कीटची खरी अडचण वेगळीच निघाली. पांढऱ्या थराखाली त्याच्या पाठीच्या कडा वर वळायला लागल्या होत्या. अहो, पाण्यात एवढं कॅल्शियम असून पाठ कच्ची कशी? कारण पाठ घडते ती खाण्यातल्या कॅल्शियममधून, आणि ते अंगी लागायला डी-३ हवं. त्यासाठी ऊन हवं. टाकी होती हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, बंद खिडकीपाशी. काचेतून उजेड येतो, यूव्हीबी किरण जवळजवळ अडतात. ४४ अंशांच्या गावात राहून बिचाऱ्याला ऊन माहीत नव्हतं!

आता सकाळी आठ-नऊच्या सुमारास तो गच्चीवर प्लॅस्टिकच्या टबात बसतो, अर्ध्यावर सावली, वर कावळ्यांसाठी जाळी. उन्हाळ्यात दहाच्या आत खाली, नाहीतर उकडून मरेल. नुसत्या वाळवलेल्या कोळंबीचं खाणं डॉक्टरांनी कमी करायला लावलंय. वळलेल्या कडा आता सरळ व्हायच्या नाहीत, पण नवी वाढ नीट होईल, असं ते म्हणाले.

कॅल्शियमसाठी टाकीत समुद्रफेन तरंगत ठेवायचं, कासव ते कुरतडतं. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. मित्र आणायला गेला तर दुकानदाराने विचारलं, ‘कान दुखतोय का?’