भुयार नव्हे, पाण्याची वाट



जुन्या शेतवाड्याखाली पोकळी लागली की बातमी ठरलेलीच: गुप्त भुयार, थेट किल्ल्यापर्यंत जाणारे, आत धन. अशी बातमी छापण्याआधी वार्ताहराला एवढेच विचारा, तळाला पाणी वाहील असा उतार आहे का आणि माणसाला चालायला हवा कुठून येते?

मी राहतो त्या जयपुरात खरे भुयार आहे, आमेर महालापासून जयगडापर्यंत. लांबी ३२५ मीटर, तेही काही ठिकाणी छताविना. पर्यटक त्यातून चालत जातात. राजांनाही एवढेच परवडले, तर आमच्या गावोगावच्या वाड्यांना कोसकोस भुयारे कोणी खणून दिली? त्याच जयगडावर आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारने खजिना शोधला आणि काहीच सापडले नाही असे जाहीर केले. डोंगरावरचे पावसाचे पाणी चरांनी आणून साठवणारी प्रचंड टाकी मात्र गडावर उघडीच होती.

पुण्यात स्वारगेटला २०१९ मध्ये मेट्रोच्या कामात भुयार लागले, गप्पांना ऊत आला, आणि ती जुनी पाणीव्यवस्था निघाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात आणलेल्या नळातून माणूस चालू शकतो; कुणाच्या आजोबांना ते भुयार वाटले असेल तर त्यांना काय बोल लावायचा? शेतवाड्याखाली तर बहुधा धान्याचे पेव असते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांची दैना केली.

गोष्टीने कुणाचे बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी गुप्तधनासाठी चालणारे अघोरी प्रकार आठवावेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा समावेश करावा लागला. बंद पेवात कोंडलेल्या हवेने जीव जातो, ते वेगळेच.

दुसरीकडे, वाड्याचा मालक सरकारी कटकट नको म्हणून रातोरात राडारोडा टाकून पोकळी बुजवतो. १८७८ च्या कायद्याने जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. दगडी नळ मात्र धन नाही. संरक्षित स्मारक नसेल तर तो डंपरने भरून टाकायला कुणाची हरकत नाही. इथे जयपुरात गोपालपुरा बायपासवर रोज तळघरे खणली जातात, पुण्यातही तेच. खोदकामात जुने चुन्याचे बांधकाम लागले तर काम थांबवून त्याची लांबी, उतार आणि छायाचित्रे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी अट बांधकाम परवान्यातच घालावी. आपल्या दैनिकाने खजिन्याऐवजी या अटीचा पाठपुरावा करावा.

— एक मराठी वाचक, गोपालपुरा, जयपूर