खंडेनवमीची पूजा आणि कारागिराचे कान

आज खंडेनवमी. घरोघरी शस्त्रांची, पोथ्यापुस्तकांची आणि नित्याच्या अवजारांची पूजा होईल. कारखान्यांतून यंत्रे पुसूनपासून, तेलपाणी करून झेंडूच्या माळांनी सजविली जातील. हळदकुंकू वाहून नारळ वाढविला जाईल आणि एरवी अहोरात्र धडधडणारी चक्रे आज काही काळ स्तब्ध राहतील. ज्या साधनाने अन्न दिले त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी मस्तक नमवावे, ही आपल्या पूर्वजांची रीत आम्हांस फार मोलाची वाटते. परंतु त्या स्तब्धतेत यंत्रापुढे हात जोडून उभ्या असलेल्या कारागिराला काय ऐकू येते, असा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. यंत्र थांबले तरी पुष्कळांच्या कानांतील रातकिडे थांबलेले नसतात. शेजारी उभे राहून कोणी मंत्र म्हणत असेल, तर त्यातील अर्धीअधिक अक्षरे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

हा प्रश्न आपल्या देवघरापासून दूर आहे, असे कोणी समजू नये. पूजेतील तांब्याचा कलश पाहावा. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचा पत्रा ठोकून त्याची भांडी घडविली गेली. भांडे मठारताना त्याच्या अंगावर हातोडीचा एकेक घाव शेजारीशेजारी बसत जातो. तो प्रत्येक घाव कारागिराच्या कानापासून हातभर अंतरावर पडत असतो. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच व्हेनिसच्या तांबटांचे बहिरेपण नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ही व्यथा नवी नव्हे आणि एका देशाचीही नव्हे. आपल्या अंगावरचे वस्त्र पाहिले तरी तीच कथा. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर या गावांतून यंत्रमागांवर विणलेले कापड घरोघरी पोहोचते. धोट्याच्या मागांनी भरलेल्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि विणकर एक पाळी नव्हे, तर सारे आयुष्य त्यात उभा असतो.

कानाच्या आत, शंखाच्या आकाराच्या एका इवल्याशा पोकळीत, सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हलतात आणि त्यांचा संदेश मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो. प्रचंड आवाजाने त्या प्रथम थकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात. पण हा मारा वर्षानुवर्षे रोज होत राहिला, तर त्या मरतात. मेलेल्या केशपेशी मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच या बहिरेपणावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही आणि कानात सोडलेल्या कोमट तेलाचाही उपयोग नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण गेलेला स्पष्टपणा पूर्ववत परत येत नाही.

हा ऱ्हास दुखत नाही, रक्त काढीत नाही. त्यामुळे तो ध्यानीही येत नाही. प्रथम जातात ते उंच पट्टीचे, बारीक ध्वनी. स, श, त, फ ही अक्षरे पुसट होतात. बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. आरतीतील घंटेची किणकिण विरते, टाळांचा झणत्कार मंदावतो आणि मृदंगाचा ठेका तेवढा उरतो. नातीची हाक ऐकू येत नाही. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. परीक्षिती राजाने सात दिवस केवळ ऐकूनच आपला उद्धार करून घेतला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. जन्मभर राबून निवृत्त झालेला कामगार मोठ्या आशेने कीर्तनाला येऊन बसतो आणि बुवांचे नुसते ओठ हललेले पाहून उठून जातो, तेव्हा त्याचा गेलेला तो केवळ कान नव्हे. ज्या वयात नामश्रवणाचाच आधार असावा, त्या वयातील त्याचा आधार गेलेला असतो.

काही सश्रद्ध माणसे याला प्रारब्ध म्हणतात. आम्हांला हे म्हणणे मान्य नाही. जे टाळता येते, त्याला प्रारब्धाचे नाव देणे म्हणजे आपले कर्तव्य देवाच्या माथी मारणे होय. कामगारही म्हणतो, "आता सवय झाली, आवाजाचे काही वाटत नाही." वस्तुतः आवाजाचे काही वाटेनासे होणे हेच पुष्कळदा कान गेल्याचे लक्षण असते. मालक म्हणतो, खर्च परवडत नाही. पण ढिले झालेले भाग आवळणे, झिजलेले भाग बदलणे, यंत्राखाली रबराची बैठक घालणे, गोंगाट करणारे यंत्र आडोशाने वेगळे करणे यांपैकी पुष्कळ कामे यंत्राच्या आयुष्यासाठीही हिताचीच असतात. त्यानंतर कामगाराची जागा पाळीपाळीने बदलावी आणि अखेरीस कानांना योग्य प्रतीची संरक्षक बोंडे किंवा कानटोपे द्यावीत. साधा कापसाचा बोळा या कामी फारसा उपयोगाचा नाही.

कायद्याने या व्याधीची दखल घेतलेली आहे. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्यातील सूचनीय रोगांच्या यादीत होते आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. जुन्या कायद्याखालील नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबल, तर १०० डेसिबलच्या आवाजात केवळ दोन तास, अशी मर्यादा घालून दिली. अनेक देशांनी तर ८५ डेसिबललाच धोक्याची घंटा मानली. तथापि लहान शेडांतून, आळीतील दुकानांतून आवाज मोजायला कोण जाणार? तेथे एक साधी कसोटी पुरेशी आहे. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानांना घातक आहे, असे खुशाल समजावे.

यासाठी आमची एक सूचना आहे. श्रवणक्षमतेची तपासणी करताना कानांना आधी निदान चौदा-सोळा तासांची शांतता मिळालेली असावी लागते. एरवी कामाच्या थकव्याने खरी स्थिती कळत नाही. खंडेनवमीला यंत्रे थांबतात, दसऱ्याला सुटी असते. त्यानंतर येते ती आश्विन शुद्ध एकादशी. त्या सकाळी, चक्रे पुन्हा फिरण्यापूर्वी, प्रत्येक कारखान्याने आणि लहान कारखानदारांनी एकत्र येऊन आपल्या कामगारांचे कान तपासून घ्यावेत आणि दरवर्षीचा आलेख जपून ठेवावा. पहिल्या बारीक ध्वनींचा ऱ्हास वेळीच दिसला, तर उरलेले राखता येते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण यांसाठी कार्य करीत आहे. जिल्ह्याच्या गावी कानाचे वैद्य आहेत. कमतरता आहे ती आपल्या इच्छेची.

घरच्या मंडळींनाही आमचे दोन शब्द आहेत. कारखान्यात वर्षे काढलेले वडील रेडिओ मोठ्याने लावतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात, चारचौघांत गप्प बसतात, म्हणून त्यांची थट्टा करू नये आणि त्यांच्यावर चिडूही नये. समोर बसावे, चेहरा दिसेल असे सावकाश बोलावे, तपासणीला बरोबर जावे. दिवसभर यंत्रांत तापलेला कान घरी येतो तो विश्रांतीसाठी. सणाच्या नावाखाली त्याच्या दाराशी ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करून त्याची ती विश्रांतीही आपण हिरावून घेऊ नये. त्या भिंतींपाशी रात्र काढणाऱ्या वादकांचे आणि चालकांचे कानही याच मातीचे आहेत.

यंत्राला हार घालताना यंद्यापासून त्या यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाचीही विचारपूस व्हावी. अवजार झिजले तर नवे आणता येते. झिजलेला कान कोठल्याही बाजारात मिळत नाही. ज्यांच्या हातांनी आपला कलश घडला आणि आपले वस्त्र विणले गेले, त्यांना उतारवयात आरतीची घंटा स्पष्ट ऐकू यावी, एवढेच मागणे आज आम्ही जगदंबेच्या चरणी मागतो आणि ते पुरे करण्याची बुद्धी तिने आपणां सर्वांस द्यावी, अशी प्रार्थना करतो.