रस्ता वर, उंबरठा खाली

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेला प्रवासी पहूरमधून जातो. त्याच्या दृष्टीने ते एक गाव असते. कारभाराच्या दृष्टीने मात्र पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी ती दोन गावे आहेत आणि दोहोंच्या ग्रामपंचायती स्वतंत्र आहेत. पेठ म्हणजे बाजार, आणि कसबा म्हणजे आसपासच्या खेड्यांचा व्यापार व कारभार जेथे चालतो ते मोठे गाव. बाजारपण असे नावातच मुरलेले आहे. पाचोरा-जामनेर मार्गावरची छोटी गाडी शेंदुर्णी सोडल्यावर पहूरला थांबत असे. २०२० साली ती थांबल्यापासून गावाची ये-जा सर्वस्वी रस्त्यावर अवलंबून आहे.

अशा बाजारगावांत रस्त्याकडे केवळ जाण्या-येण्याची वाट म्हणून पाहता येत नाही. शेतकरी तेथे बी-बियाणे घेतो, लग्नाचा बस्ता तेथेच बांधला जातो, वयस्कर मंडळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात आणि भाजीवाल्या बाया त्याच ओट्याच्या सावलीला टोपली टेकतात. गावाची पत या रस्त्यावर ठरते. म्हणून बाजाररस्त्याची सुधारणा हा विषय ठेकेदार आणि अभियंता यांच्यावर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही.

खान्देशातील जवळजवळ प्रत्येक जुन्या पेठेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिमेंट काँक्रीटचे रस्ते झाले. कोठे पेव्हर ब्लॉक बसले, कोठे शोभिवंत दिव्यांचे खांब आले, चौकात गावाच्या नावाची रंगीत अक्षरे उभी राहिली. चिखल गेला, धूळ कमी झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु या साऱ्या कामांत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: नवा रस्ता जुन्या रस्त्याच्या किती वर येणार?

गणित अगदी साधे आहे. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकला आणि त्याची जाडी सहा इंच धरली, तर दोन खेपांत रस्ता एक फूट वर येतो. दुकान मात्र जागचे हलत नाही. ज्या घराला एके काळी तीन पायऱ्या चढून जावे लागे, त्याला दोन उरतात, मग एक. पुढे उंबरठा रस्त्याच्या पातळीला येतो आणि अखेरीस खाली जातो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की गल्लीचे पाणी ओट्यावरून थेट गादीपर्यंत येते. किराणा दुकानदाराची पोती भिजतात, कापडवाल्याचे खालच्या फळीवरचे गठ्ठे जातात. मग मालक भर घालून फरशी उचलतो. फरशी वर आली की छत तेवढेच खाली येते. दरवाजाच्या चौकटीला डोके लागू लागते. सागवानी खांबांचे दगडी तळखडे भरावात गाडले जातात आणि ओल थेट लाकडाला भिडते. दहा-पंधरा वर्षांत घर धोकादायक ठरते व पाडले जाते. लोक म्हणतात, वाडा जुना झाला होता. त्याचे आयुष्य कमी करण्यात रस्त्याचा वाटा किती होता, याची नोंद कोठेच होत नाही.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर रस्त्याच्या बिलात लांबी, रुंदी, जाडी आणि दर एवढेच स्तंभ असतात. शंभर उंबरठे खाली गेल्याने झालेला घसारा त्या बिलात येत नाही. तो शंभर दुकानदारांच्या वह्यांत 'किरकोळ दुरुस्ती' या सदराखाली विखुरलेला असतो. म्हणून काम स्वस्त दिसते. जुना थर उखडून, खडी व मुरमाचा पाया नीट करून, मूळ पातळीवरच नवा रस्ता बांधणे आज महाग वाटते. पण ते महाग कोणाला आणि स्वस्त कोणाला, हे दोन्ही बाजूंच्या वह्या एकत्र मांडल्याशिवाय कळणार नाही.

पातळीइतकाच महत्त्वाचा आहे उतार. काँक्रीटच्या रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण दोन टक्क्यांपर्यंत उतार देण्याचा प्रघात आहे. म्हणजे वीस फूट रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे अडीच इंच उंच. एवढ्या थोडक्या फरकावर पाणी गटारात जाणार की दुकानात, हे ठरते. पेव्हर ब्लॉकची गोष्टही तशीच. वरचा रंग पाहून लोक खूश होतात. टिकाऊपणा मात्र खालच्या पायावर, वाळूच्या सारख्या थरावर आणि ठोकळ्याच्या जाडीवर अवलंबून असतो. भारतीय मानकांनुसार पायी वर्दळीसाठी ५० मिलिमीटर, हलक्या वाहनांसाठी ६० आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटर जाडीचे ठोकळे अपेक्षित आहेत. ज्या पेठेत कापसाने वा मक्याने भरलेला ट्रॅक्टर फिरतो, तेथे घराच्या अंगणातले ठोकळे बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात खड्डे पडणारच. एक गोष्ट पेव्हरच्या बाजूची सांगितली पाहिजे: पाण्याची नळवाहिनी दुरुस्त करायची झाल्यास ठोकळे काढून पुन्हा बसवता येतात, काँक्रीट मात्र फोडावे लागते. पुन्हा बसवण्याची तसदी घेतली जाते का, हा वेगळा प्रश्न.

आता थोडे कटू बोलणे. पाणी दुकानात शिरते याचा दोष केवळ रस्त्याचा नसतो. पेठेतील गटार मुळात उघडे होते. दुकानदारांनी सोयीसाठी त्यावर शहाबादी फरशी टाकली. मग त्या फरशीवर सिमेंट ओतून ओटा पुढे आणला. ओटा पुढे आला तशा पायऱ्या रस्त्यावर उतरल्या, आणि पायऱ्यांच्या पुढे तेलाचे डबे, प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा कपड्यांचे पुतळे उभे राहिले. गटार आता दिसत नाही आणि साफही होत नाही. शेजाऱ्याने दोन फूट घेतले म्हणून आपणही घ्यायचे, ही स्पर्धा गिऱ्हाइकाच्या पायाखालची जागा खाऊन चालते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्त्यावरील असे अडथळे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे. परंतु सरपंच, सदस्य आणि दुकानदार हे एकमेकांचे सोयरे-शेजारी असतात. अधिकार कागदावर राहतो. आणि कारवाई झालीच तर पहिला बळी जातो हातगाडीवाल्याचा. त्याचे दुकान चाकांवर असते म्हणून ते लगेच हलवता येते. सिमेंटची पायरी जागच्या जागी राहते. शहरांसाठी २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. धुळे-जळगावसारख्या शहरांना तो लागू आहे. पहूरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावांनी तो आपणहून पाळला तर कोणी अडवणार नाही.

पायी चालणाऱ्यांचा विचार करताना समाजातील वाचकांना एक दृश्य वेगळे सांगायला नको. चातुर्मास संपल्यावर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि तो अनवाणीच असतो. ज्या गावात रस्त्याच्या कडेला चालण्याजोगी सलग जागा नाही, तेथे त्यांना भर वाहतुकीतून, उखडलेल्या खडीवरून किंवा तापलेल्या काँक्रीटवरून जावे लागते. विहाराच्या दिवशी स्वयंसेवक पुढे-मागे चालतात, हे योग्यच. पण तीच अडचण शाळकरी मुलाला आणि काठी टेकत दवाखान्यात जाणाऱ्या आजोबांना वर्षाचे बाराही महिने असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना पदपथावर किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी मागतात, बाजारपेठेत त्याहून अधिक, आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हणतात. अरुंद पेठेत एवढी जागा मिळणार नाही, हे खरे. मग पदपथाचा हट्ट सोडून, ठरावीक वेळेत वाहने बाहेर ठेवून सगळा रस्ताच चालणाऱ्यांना देणे हा मार्ग उरतो. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून लोकांना मोकळेपणी चालू दिले गेले. एक दिवसाच्या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. पण असा दिवस पाळता येतो, एवढे तर दिसले.

रस्त्याची रुंदी घरांच्या आधी ठरली तर काय होते, याचे उदाहरण खान्देशातच आहे. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळे निवडले. (फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारे ब्रिग्ज ते हेच.) जानेवारी १८१९ मध्ये त्यांनी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली. दूरदूरच्या ठिकाणांहून कारागीर आणले गेले. व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून घरांच्या जागा कायमच्या विनाभाडे दिल्या, आणि पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना व नव्याने येणाऱ्यांनाही आगाऊ रकमा दिल्या. राज्यकर्त्यांचा हेतू महसुलाचा होता, यात शंका नको. तरीही क्रम पाहण्यासारखा आहे: आधी जागा आखून देणे, मग बांधकामाला भांडवल. जुने धुळे वाकड्यातिकड्या वस्तीचे राहिले; नव्या धुळ्यात सरळ रस्ते झाले. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे सांगतात. १८७२ साली पांझरेच्या पुराने शहराची मोठी हानी केली. त्यानंतरही गाव उभे राहिले. आज आग्रा रोडवर पाऊल ठेवायला जागा नाही, हा दोष मूळ आखणीचा नव्हे.

इमारतींच्या दर्शनी भागाचे काय करावे, याचे उत्तर मुंबईत शोधावे लागते. फोर्टातील दादाभाई नौरोजी मार्ग म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. तेथे १८९६ च्या सरकारी नियमाने प्रत्येक इमारतीच्या तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सक्तीची केली. इमारती निरनिराळ्या मालकांच्या आणि निरनिराळ्या शैलींच्या. पण त्या सलग पडवीने त्यांना एका ओळीत बांधले, आणि ऊन-पावसात चालणाऱ्याला डोक्यावर छत मिळाले. शंभर वर्षांनंतर त्या कमानी जाहिरातींच्या फलकांनी झाकून गेल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी त्यासाठी साधी मार्गदर्शक तत्त्वे आखली: दुकानाचा फलक कमानीच्या आत बसेल एवढाच असावा, कोरीव काम झाकू नये. दुकानदारांशी एकेक करून बोलणे झाले आणि फलक मागे सरकले. २००४ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की दर्शनी भाग मोकळा करण्यास भव्य निधी लागला नाही. फलक काढणे हे बांधण्यापेक्षा स्वस्तच असते.

खान्देशी पेठेतला ओटा हा त्या पडवीचा गरीब भाऊ म्हणावा लागेल. त्यावर खांब, खांबांवर माडी, माडीला कोरीव कठडा. असे घर आजही जुन्या पेठांतून एखादे दिसते, पण त्यावर आता चकचकीत पत्र्याचे आवरण आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स चढलेले असतात. पत्रा काढला तर खाली सागवान निघेल, अशी घरे किती उरली आहेत, याची मोजदाद करायला एखाद्या शाळेच्या मुलांना दोन रविवार पुरतील.

पैशाचा प्रश्न येतोच. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात पंचायतींना ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. सांडपाण्याची व्यवस्था बंधित भागात बसते, तर रस्त्यासाठी अबंधित भाग किंवा आमदार-खासदार निधी शोधला जातो. दोन निधी दोन वेळी येतात, म्हणून आधी रस्ता होतो आणि वर्षभराने गटारासाठी तोच फोडला जातो. यात कोणाचा बेत नसतो. तारखा जुळत नाहीत, एवढेच. पण तारखा जुळवणे हे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचेच काम आहे, आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरते. बाजारातील दुकानदार बहुधा गल्ला सोडून तिकडे जात नाहीत. एखाद्या १ मेच्या सभेला पेठेतले दहा जण गेले आणि त्यांनी इतकेच विचारले की, नव्या रस्त्याची पातळी कोणत्या खुणेपासून मोजणार, तर ठरावात एक ओळ वाढेल. ती खूण शाळेच्या जोत्यावर किंवा मंदिराच्या पायरीवर तेलरंगाने करता येते, तिच्याजवळ तारीख घालता येते. ठेकेदार बदलेल, सरपंच बदलेल. पुढल्या खेपेस काम सुरू होताना कोणीतरी पट्टी घेऊन त्या खुणेपाशी उभे राहील आणि जुना थर आधी काढायचा की नाही, हे तेथेच ठरेल.