अनुयायांचा आकडा आणि वाचक

नव्या कवीची ओळख करून देताना हल्ली त्याचे अनुयायी किती, हे आवर्जून सांगितले जाते. सांगणाऱ्यांत आम्ही साहित्याचे अध्यापकही असतो, हे आधीच कबूल केलेले बरे. विद्यार्थी मग प्रबंधातील वाचकांच्या प्रतिसादाच्या प्रकरणात तोच आकडा पुरावा म्हणून देतात, आणि आम्ही तो खोडत नाही.

एप्रिल २००९मध्ये ट्विटरवर दहा लाख अनुयायी आधी कोण मिळवतो, यासाठी अभिनेता अ‍ॅश्टन कुचर आणि सीएनएन ही वृत्तवाहिनी यांच्यात चढाओढ लागली होती. कुचर जिंकला. पण जिंकला म्हणजे काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मीयंग चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरील सुमारे ५.५ कोटी खाती व १७५ कोटी ट्वीट तपासली. अनुयायी किती, मजकूर इतरांनी किती वेळा पुढे पाठवला आणि नाव घेऊन किती वेळा बोलले गेले, या तीन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. पहिल्या यादीत अग्रभागी असलेली मंडळी उरलेल्या दोन याद्यांत अग्रभागी असतीलच असे नाही, असे त्यातून निघाले. पुढे पाठवण्यामागे बहुधा मजकुराचे मोल असते. उल्लेखामागे नावाचे वलय. लेखन आणि लेखक यांतला हा भेद वर्गात शिकवणाऱ्या आम्हाला तो आकड्यांत मात्र दिसत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक संख्या आम्हाला अधिक बोलकी वाटते. सक्रिय म्हणून निवडलेले, म्हणजे किमान दहा ट्वीट लिहिलेले वापरकर्ते सुमारे ६२ लाखच होते. बाकीचे बहुतांश अबोल. म्हणून ते नव्हतेच असे म्हणावे काय? ग्रंथालयातून कादंबरी नेऊन मुकाट्याने परत करणारा वाचक कोणत्याच मोजमापात येत नाही, आणि साहित्य तर त्याच्याच जिवावर उभे असते. तेव्हा लोकप्रियतेऐवजी सक्रियता मोजा, हा अलीकडचा सल्लाही आम्हाला अपुरा वाटतो. अखंड लिहिणारा अखंड वाचला जातोच असे नाही. (आमच्यापैकी काहींना याचा अनुभव आहे.)

निदान तेव्हा बाहेरच्या अभ्यासकांना मोजून पाहता येत होते. २०२३मध्ये ट्विटरने विदा मिळवण्याची विनामूल्य सोय बंद केली. फेसबुकवरील मजकुराचा प्रसार तपासण्याचे क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. आता कंपनी दाखवील तो आकडा बहुतेकांच्या हाती उरतो, आणि प्रबंधात जातो तो तोच. यापुढे असे प्रकरण आमच्याकडे आले, तर आकड्याखाली आलेली निदान पन्नास उत्तरे वाचून आणा, असे आम्ही विद्यार्थ्याला सांगणार आहोत. त्यांत ‘अप्रतिम’ याखेरीज काही लिहिलेले सापडले, तर तेथून बोलणे सुरू करता येईल.